निसटलेल्या एक्केचाळीस ओळी

"तीनच?" डॉक्टरीणबाई पडद्याकडे वाकून म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या शहरात ओ निगेटिव्हचे तीनच दाते?"

"नव्या यंत्रणेत तीनच," चाळणीबाई म्हणाल्या. "त्यातल्या एकाने तीन आठवड्यांपूर्वीच दिलंय. दुसरा परगावी आहे. तिसऱ्याचा फोन एक बाई उचलतात आणि सांगतात, तो आता इथे राहत नाही, आणि पुन्हा राहणारही नाही."

खुर्चीचा पट्टा पुसत असलेले सुईभाऊ फिसकन हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधाच्या दुकानाला लागून ही रक्तपेढी होती. एका बाजूला घुमणारे दोन मोठे फ्रीज, दुसऱ्या बाजूला रक्त द्यायच्या तीन कलत्या खुर्च्या, आणि बाहेरच्या व्हरांड्याकडे उघडणारी सरकत्या काचेची खिडकी. त्या खिडकीमागे चाळणीबाई एकोणीस वर्षं बसत होत्या. डॉक्टरीणबाई पेढीच्या प्रमुख, सुईभाऊ रक्त काढणारे, आणि चाळणीबाई नोंदी ठेवणाऱ्या. एवढाच कारभार.

वरच्या मजल्यावर एक गाण्याच्या बाई दाखल होत्या. पोटात गाठ होती, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ऑपरेशन ठरलं होतं. सर्जनने पाच पिशव्या मागितल्या होत्या आणि फ्रीजमध्ये एक होती. शेजारच्या शहरातून उद्या दुपारी एखादी मिळाली असती, पण तोवर फार उशीर झाला असता. याच कारणाने हे ऑपरेशन महिन्याभरापूर्वी एकदा पुढे ढकललं होतं. गाठ काही थांबून राहत नव्हती.

"तपासण्यांना पाच तास जातात, आणि तपासणीची खोली आठला बंद होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे आज तीन वाजेपर्यंत चार दाते हवेत. नाहीतर मला वर जाऊन पुन्हा नाही म्हणावं लागेल. त्यांचे वडील बाहेर बाकावर बसलेत, बघितलंत ना? मागच्या वेळी मी त्यांना सांगितलं तेव्हा ते मलाच धीर देत होते. आता मला ते जमायचं नाही."

"मॅडम, जुन्या नोंदी चाळून बघू का?"

"कशात? त्या काळ्या खिडकीत? ती अजून आहे?"

"नव्या यंत्रणेचा माणूस म्हणाला होता, महिनाअखेरीला काढून टाकू. अजून आठ दिवस आहेत."

त्या काळ्या खिडकीची हकीकत सांगायला हवी, कारण चाळणीबाईंचं नावच तिच्यावरून पडलं होतं.

पेढीच्या जुन्या नोंदी म्हणजे साध्या मजकुराच्या फायली होत्या. एका रक्तदानाची एक ओळ. अशा सव्वीस हजार ओळी, वीस वर्षांत पाच जणांनी लिहिलेल्या, आणि पाचही जण आपापल्या मनाचे राजे. पूर्वी शाळेत शिकवलेले एक मास्तर ओ या अक्षराऐवजी शून्य काढायचे, कारण गोल तो गोल. त्यांच्यानंतरच्या एक बाई सतत घाईत असत, त्या 'ओनि' एवढंच लिहून मोकळ्या होत. एका साहेबांचा मेव्हणा चिकटला होता, तो 'गट ओ असून ऋण आहे' अशी पूर्ण वाक्यं लिहायचा. एक गृहस्थ उणेची रेघ अक्षराच्या आधी मारत, नंतर मारत, आणि लहर लागली तर दोन्हीकडे मारत. अशा नोंदींतून एक गट शोधायचा म्हणजे दिवस जायचा. नव्या यंत्रणेने तर ज्या नोंदी सरळ वाचता आल्या तेवढ्याच घेतल्या होत्या आणि बाकीच्यांवर 'गट अज्ञात' असा शिक्का मारून त्या अडगळीत टाकल्या होत्या.

सात-आठ वर्षांपूर्वी टेलिफोन खात्यातले एक निवृत्त इंजिनिअर रक्त द्यायला आले होते. सगळे त्यांना एक्स्चेंजकाका म्हणत. रक्त दिल्यावर वीस मिनिटं बसून राहावं लागतं. त्या वीस मिनिटांत त्यांनी चाळणीबाईंना डोळे चोळत नोंदी शोधताना पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे काम डोळ्यांचं नाही, चाळणीचं आहे."

मग त्यांनी ती काळी खिडकी उघडून दाखवली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती लुकलुकणारी एक रेघ. तिथे हुकूम टाइप करायचा. काकांनी एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. शब्दाऐवजी शब्दाचा नमुना सांगायचा: आधी शून्य, मग वाटल्यास मोकळी जागा, मग आडवी रेघ. तो नमुना ज्या ज्या ओळीत बसेल ती ओळ पडद्यावर येते. खरी गंमत पुढेच होती. नमुना एकदा नीट बसला की त्याला नाव देऊन ठेवता येत होतं. पुढच्या वेळी नुसतं नाव टाइप करायचं. आणि चार लहान नावं जोडून एक मोठं नावही करता येत होतं.

काका दर तीन महिन्यांनी यायचे, रक्त द्यायचे आणि वीस मिनिटं शिकवायचे. चाळणीबाईंचं सगळं संगणकशिक्षण असं वर्षातून ऐंशी मिनिटांचं होतं. तीन महिन्यांत केलेला गृहपाठ त्या वहीत लिहून ठेवत आणि काका बिस्किट खात तपासत. पासष्टी ओलांडल्यावर काकांना नियमाप्रमाणे रक्त देता येईना. तरी ते आणखी दोनदा आले. म्हणाले, "रक्त घेऊ नका, पण गृहपाठ तरी दाखवा." मग ते मुलाकडे राहायला गेले.

तोवर बाईंकडे त्रेसष्ट चाळण्या जमल्या होत्या, आणि प्रत्येक चाळणीला तिने पकडलेल्या माणसाचं नाव होतं. 'मास्तर', 'घाई', 'मेव्हणा', 'दोन्हीकडे'. जुने सहा आकडी फोन शोधून त्यांच्यापुढे नवा आकडा लावणारी एक होती, तिचं नाव 'एक्स्चेंज'. दुसऱ्यांच्या चुकांना त्यांचीच नावं देण्यात बाईंना मजा वाटत असे, हे त्यांनी कधी लपवलं नाही.

आता त्यांनी काळी खिडकी उघडली आणि टाइप केलं, 'चाळ ओऋण'; ओ निगेटिव्ह लिहायच्या सगळ्या तऱ्हा जोडून केलेलं ते मोठं नाव. मग एक उभी रेघ, म्हणजे इथून निघालेलं पुढच्या चाळणीत ओत, आणि पुढे 'एक्स्चेंज'. डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. बाईंनी एंटरची कळ दाबली आणि पडदा वरून खाली ओळींनी भरून गेला.

"किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सदतीस ओळी. माणसं मोजली तर, ते तिघे सोडून, अठरा."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या शेजारी बसल्या. "मला अर्धी द्या. मी पण फोन करते."

पुढचे दोन तास फोन, आणि फोनवर वेगवेगळी आयुष्यं. सहा जण पासष्टीपुढे गेले होते. त्यांतल्या एक आजी तरीही यायला तयार होत्या आणि नको म्हटल्यावर रागावल्या. तीन नंबर बंद होते. एकजण परदेशात होता, तो पंधरा मिनिटं तिथल्या थंडीबद्दल बोलला. दोघांचं नुकतंच आजारपण झालं होतं. एकीच्या पोटात बाळ होतं. मधेच बाईंच्या नवऱ्याचा फोन आला. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि ते आठवडाभर घर सांभाळत होते.

"अगं, चहाची गाळणी कुठे ठेवलीस?"

"डाव्या कपाटात, वरच्या खणात."

"वरच्या खणात तर फक्त बरण्या आहेत."

"मग पुढच्या बरण्या बाजूला करा. मी आत्ता रक्त शोधतेय हो."

"बरं, बरं. तुझं रक्त आधी सापडू दे. मी कपड्याने गाळतो."

साडेअकराला बेकरीवाल्या बाई आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांना 'घाई'ने पकडलं होतं. सुईभाऊंनी पीठ पुसून शीर शोधली. बाराला पोहण्याचे सर आले, केस ओले. ते 'मेव्हण्या'च्या एका लांबलचक वाक्यात नऊ वर्षं पडून होते. त्यांच्या पाठोपाठ 'मास्तर'ने शोधलेला एक शिंपी आला, पण त्याचं हिमोग्लोबिन कमी भरलं. त्याला गोळ्या लिहून दिल्या आणि परत पाठवलं. तो इतका खट्टू झाला की सुईभाऊंनी त्यालाही बिस्किटं दिली. एक वाजता बसचालक आले, गणवेशात. त्यांना दोनच्या फेरीला निघायचं होतं.

"रक्त देऊन आज बस चालवायची नाही," सुईभाऊ म्हणाले.

"मग?"

"मग आज सुट्टी."

चालकांनी तिथूनच डेपोत फोन लावला, साहेबांशी दोन शब्द बोलले, आणि खुर्चीत असे पसरले की जणू तिकीट काढून आलेत. "अकरा वर्षांत पहिली सुट्टी," ते छताकडे बघत म्हणाले. "काढा सावकाश."

दीड वाजता तीन पिशव्या झाल्या. अठरा नावांपैकी सतरांवर काट मारून झाली होती. अठराव्याचा फोन नुसता वाजत होता.

"पाच म्हटलंय सर्जनने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फ्रीजमधली धरून चारच होतात, आणि चारवर ते पोट उघडणार नाहीत. मी विचारून आले." त्यांचा आवाज उतरला होता. "बाई, तुम्ही खूप केलंत."

चाळणीबाईंनी कागद-पेन्सिल पुढे ओढली. त्यांच्या डोक्यात एक हिशोब चालला होता. एकूण ओळी सव्वीस हजार एकशे चार. त्यांनी आठही रक्तगटांच्या चाळण्या एकामागून एक चालवल्या आणि आकडे कागदावर मांडून बेरीज केली. सव्वीस हजार त्रेसष्ट. पुन्हा केली. तेवढीच.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस ओळी कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत."

"कोऱ्या असतील."

"असतील. मी पण सात वर्षं तेच समजत आले."

प्रोग्रॅमला उलटं चालवायचीही सोय होती. जे अडकतं ते लपव, जे निसटतं ते दाखव. बाईंनी ती कधी वापरली नव्हती. आता वापरली. एक्केचाळीस ओळी पडद्यावर आल्या. बत्तीस खरोखरच कोऱ्या होत्या, गटाची जागा मोकळी. उरलेल्या नऊ मात्र कोऱ्या नव्हत्या. 'बी उणे.' 'ए उणे.' 'एबी उणे.' आणि खालून तिसरी, 'ओ उणे.'

"उणे?" सुईभाऊ खांद्यावरून वाचत म्हणाले. "हे काय गणिताचं पुस्तक आहे? हा कोण शहाणा?"

"बघू या कोण ते," बाईंनाही हसू येत होतं. त्यांनी तारखांवर बोट ठेवलं. नऊच्या नऊ ओळी एकाच चार महिन्यांतल्या होत्या. एकोणीस वर्षांपूर्वीच्या, जून ते सप्टेंबर.

त्यांचं बोट तिथेच राहिलं.

जूनमध्ये त्या नोकरीला लागल्या होत्या. त्याआधी अकरा वर्षं पडद्याच्या कापडाच्या दुकानात, गल्ल्याशेजारी. तिथे ताग्याचं माप लिहिताना लिहायचं असे, बारा मीटर, उणे दहा सेंटी. इथे आल्यावर कुणी त्यांना वेगळं सांगितलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये मास्तर रजेवरून परतले आणि म्हणाले, बाई, इथे उणे चालत नाही, ऋण लिहा. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ऋण लिहिलं आणि आधीचं पार विसरून गेल्या.

"मी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शहाणी मीच आहे, भाऊ."

सुईभाऊंनी तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसतच राहिले. बाई हसल्या नाहीत. त्या ती तिसरी ओळ वाचत होत्या. वय वीस, विद्यार्थी, कॉलेजमधलं शिबिर, आणि एक सहा आकडी फोन. त्यांनी पुढे आकडा लावून तो फिरवला.

"हॅलो, किल्ल्यांचं दुकान," पलीकडून आवाज आला. मागे करवतीसारखी घरघर चालली होती.

बाईंनी नाव विचारलं. तोच होता. दुकान पूर्वी वडिलांचं होतं, आता त्याचं, आणि फोन बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"मी रक्तपेढीतून बोलतेय. तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वी रक्तदान केलं होतं, आठवतंय?"

घरघर थांबली. "आठवतंय. एकदाच केलं होतं."

"एकदाच का? पुन्हा यावंसं वाटलं नाही?"

"तसं नाही, मॅडम. माझ्या मित्रांना नंतर तुमच्याकडून फोन यायचे. या, गरज आहे म्हणून. मला कधीच आला नाही. मला वाटलं, माझं रक्त काही चाललं नसेल." तो जरासा हसला. "त्यानंतर कुणी चल म्हटलं की मी सांगायचो, माझं नाही हो चालत. कुणी कारण विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही."

चाळणीबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं रक्त चाललं होतं. चांगलं चाललं होतं. लिहिणाऱ्या माणसाने गट चुकीच्या शब्दात लिहिला, म्हणून तुम्हाला कुणी शोधू शकलं नाही. आणि ते लिहिणारी मी आहे."

मग त्याने विचारलं, "आज हवंय का?"

"तीनच्या आत."

"माझ्या समोर एक बाई उभ्या आहेत. त्यांच्या घराची किल्ली घरातच राहिलीय. त्यांचं कुलूप उघडतो आणि येतो."

तो दोन चाळीसला आला. टक्कल पडू लागलेला, हातात अवजारांची पिशवी, बोटांना तेल. सुईभाऊंनी त्याचं वजन घेतलं, दाब मोजला, बोटाच्या टोकातून थेंब काढून तपासला. सगळं ठीक होतं. मागचा गट बरोबर होता का तेही पाहिलं. बरोबर होता. पिशवी भरू लागली तशी चाळणीबाई खिडकी सोडून त्याच्या खुर्चीशी आल्या. दात्याजवळ जाऊन उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

"तुम्हाला राग आला असेल," त्या म्हणाल्या.

"काय लिहिलं होतंत, ते तरी सांगा."

"ओ उणे."

त्याने विचार केला. "मग बरोबरच की. निगेटिव्ह म्हणजे उणेच. आम्हाला शाळेत तसंच शिकवलंय."

"मलाही."

"मग चूक शाळेची." तो मूठ उघडत-मिटत पिशवीकडे बघत राहिला. "एक विचारू? आता मला फोन येणार का, बाकीच्यांसारखा?"

"आता तुमची सुटका नाही," बाई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी मी स्वतः फोन करणार."

परत जागेवर आल्यावर त्यांनी काळ्या खिडकीत नवी चाळणी बांधली. अक्षर, मोकळी जागा, उणे. चालवून पाहिली, नऊच्या नऊ अडकल्या. नाव काय द्यायचं, असं प्रोग्रॅमने विचारलं. सुईभाऊ मागून डोकावले, कारण एवढी वर्षं नावं ठेवण्यात त्यांचाही वाटा असायचा.

"काय ठेवताय?"

बाईंनी टाइप केलं, 'मी'.

"एवढंच?"

"एवढंच. बाकीच्यांची नावं ठेवली तेव्हा कुठे त्यांना विचारलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या पिशवी घेऊन तपासणीच्या खोलीकडे निघाल्या होत्या, दारात थांबल्या. "महिनाअखेरीचं मी बघते," त्या म्हणाल्या. "आधी तुमच्या त्रेसष्ट, नाही, चौसष्ट चाळण्यांनी त्या 'अज्ञात' लोकांना गट मिळवून द्या. मग ती खिडकी ठेवायची की काढायची ते तुम्ही ठरवा. त्या नव्या यंत्रणेच्या माणसाला माझ्याकडे पाठवा."

दुसऱ्या दिवशी साडेसातला ऑपरेशन झालं. सव्वापाच तास चाललं, चार पिशव्या लागल्या, गाठ निघाली. अकराव्या दिवशी गाण्याच्या बाई घरी गेल्या. नव्या यंत्रणेत महिनाभरात ओ निगेटिव्हचे तीनाचे चौदा झाले, कारण बंद नंबरांपैकी काही बाईंनी चिकाटीने शोधून काढले, आणि त्या बत्तीस कोऱ्या ओळी सोडल्या तर 'अज्ञात' असा गट तिथे उरला नाही. शिंपी गोळ्या संपवून आला आणि त्या वेळी पास झाला.

पण बाईंना पुढे त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं की त्या ऑपरेशनचं सांगत नसत. त्या पावणेचारचं सांगत.

पावणेचारला किल्लीवाला विश्रांती संपवून व्हरांड्यात आला होता. जरा गरगरतंय म्हणून बाकावर टेकला. बाकावर गाण्याच्या बाईंचे वडील सकाळपासून बसले होते, शेजारी थर्मास आणि तीनदा वाचून घडी केलेला पेपर. त्यांनी थर्मास उचलून मांडीवर घेतला आणि जागा करून दिली. कुणाचं रक्त कुणाला जातं ते दोन्हीकडच्यांना सांगायचं नाही, असा पेढीचा नियम. त्यामुळे दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. सरकत्या काचेतून फक्त चाळणीबाईंना दिसत होतं.

"बरं नाही का?" वडिलांनी विचारलं.

"नाही, रक्त दिलंय आत्ता. बसायला सांगितलंय."

"असं." वडिलांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला. तो डाव्या हाताने प्यायला, उजव्या कोपरात कापूस होता. पिऊन उठायला गेला तर त्याच्या बुटाची नाडी सुटलेली. खाली वाकणार, तोच वडील म्हणाले, "थांबा. वाकायचं नसतं लगेच. तोल जातो."

आणि ते म्हातारे गृहस्थ, गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू खाली बसले. नाडीची दोन टोकं त्यांनी सारखी करून घेतली, फास ओढला, आणि पुन्हा सुटू नये म्हणून वरून आणखी एक गाठ मारली. किल्लीवाला संकोचून पाय मागे घेत होता. "अहो, राहू द्या, राहू द्या," म्हणत होता. वडील म्हणाले, "झालंच," आणि दुसऱ्या बुटाची नाडीही एकदा ओढून पाहिली.